खडपावरचं शेवाळ ते कॉलममधला एन्झाइम: कोकणातल्या साध्या लॅबमध्ये ब्रोमोपेरॉक्सिडेज कसं वेगळं काढायचं

आधीच सांगून टाकतो, क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रेझिनचे बारीक कण भरलेल्या नळीतून (तिलाच कॉलम म्हणतात) अर्क सोडून प्रोटीनं वेगळी करणं, हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. कॉलम भरला, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) सोडलं, नळ्या लावल्या की तो त्याचं काम करतो. एन्झाइम मरतो तो त्याच्या आधी, म्हणजे खडपावर (किनाऱ्यावरच्या खडकांवर), पोत्यात, मिक्सरमध्ये, नाहीतर चुकीच्या बफरमध्ये, आणि मग आपण कॉलमला शिव्या घालत बसतो. त्यामुळे कॉलमचं नाव निघायच्या आधी बरंच काही वाचावं लागणार आहे, कंटाळू नका.

मी एन्झाइम निवडलाय व्हॅनेडियम ब्रोमोपेरॉक्सिडेज. याची कारणं दोन. एक म्हणजे हा दणकट आहे, साठ डिग्रीला, अल्कोहोलमध्ये बाकीचे एन्झाइम माना टाकतात तिथे हा बराच वेळ टिकतो, म्हणजे नवशिक्याच्या चुका पोटात घालणारा. दुसरं म्हणजे याची टेस्ट डोळ्यांना दिसते, पिवळ्याचं निळं होतं. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड भरपूर असतं, शेवाळाच्या पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, हा एन्झाइम दोघांना एकत्र आणून ब्रोमिन सेंद्रिय रेणूंवर चिकटवतो. याच्या पोटात लोह नाही तर व्हॅनेडियम असतं, आणि पुढचे अर्धे नियम या एकाच गोष्टीतून निघतात. १९८०च्या दशकात अ‍ॅस्कोफायलम नावाच्या थंड समुद्रातल्या तपकिरी शेवाळात हे व्हॅनेडियम पहिल्यांदा ओळखलं गेलं, ते शेवाळ आपल्याकडे मिळत नाही पण सरगॅसम मिळतं, आणि कोरलाइन गटातलं ते गुलाबी, कडक, सांध्यासांध्याचं शेवाळ, जे हातात घेतलं की चुन्यासारखं करकरतं, तेही मिळतं.

कधी आणि कुठे जायचं

उधाणाची ओहोटी (पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची, पाणी खूप खाली जातं ती) पकडायची, भांगाची (अष्टमीच्या आसपासची, पाणी कमी उतरतं ती) नाही. आपल्याकडची जुनी युक्ती माहीतच असेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तृतीयेला सव्वादोनच्या आसपास भरती, म्हणजे ओहोटी साधारण सकाळी साडेआठच्या सुमारास. पौर्णिमेला नाहीतर अमावस्येला गेलात तर ओहोटी पहाटे सहाच्या आसपास येते, अंधारात निसरड्या खडपावर पाय मोडून घेण्यापेक्षा द्वितीया-तृतीया बरी, पाणी तेव्हाही चांगलं खाली गेलेलं असतं. हा अंदाज झाला, जायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं टेबल बघाच. पावसाळ्यात खडपांवर जाऊ नका, दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ धरा.

मालवणला जाणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय एक काडीसुद्धा उपटायची नाही. हद्दीबाहेरही शेवाळ मुळासकट ओढू नका, कात्रीने वरचा भाग कापा, बुडखा खडपावर राहू द्या, तो परत वाढतो. ५० ग्रॅम ओलं शेवाळ एका वेळेला पुरतं, जास्तीत जास्त १०० घ्या. पोतं भरून आणणाऱ्यांचं मला कळत नाही, तेवढं दळणार कोण?

मी पहिल्यांदा पोतंच आणलं होतं. कालवं काढणारी एक काकी बराच वेळ बघत होती, शेवटी म्हणाली, "झिला, ह्यां घेवन काय करतलंस?" मी एन्झाइम वगैरे समजावलं, तिने मान हलवली आणि म्हणाली, "मगे तां उनात कित्याक ठेवलंस?" तिचं बरोबर होतं. मी पोतं उन्हात ठेवून अजून तासभर शेवाळ गोळा करत होतो, मग ते दुपारच्या गाडीने लॅबपर्यंत नेलं, उघडलं तर कुजकट वास आणि खाली तपकिरी चिकट पाणी. त्या पोत्यातून काहीही निघालं नाही, आणि निघालं नाही हे कळायला मला आठ दिवस लागले कारण मी टेस्ट शेवटी करायची ठेवली होती.

तर करायचं असं, मासे ठेवायचा थर्माकोलचा खोका घ्या, त्यात बर्फ, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर समुद्राच्या पाण्याने खळबळून पिशवीत बांधलेलं शेवाळ. बर्फाला थेट चिकटू देऊ नका. गोड्या पाण्याने धुवायचं ते लॅबमध्ये, तेही पटकन एकदाच, कारण गोड्या पाण्यात पेशी फुगून फुटतात आणि तुमचा माल सिंकमध्ये जातो. शिंपले, किडे, अंगावर वाढलेलं दुसरं बारीक शेवाळ चिमट्याने काढा. हे काम किचकट आहे, पण नाही केलं तर शेवटी निघालेला एन्झाइम कोणाचा हे सांगता येत नाही. साफ झालं की पाणी टिपून उणे २० ला टाका.

आधी टेस्ट बसवा, मग बाकी सगळं

फिनॉल रेड नावाचा रंग घ्या. पीएच ६.५ ला तो पिवळा असतो. त्यावर चार ब्रोमिन चिकटले की तो ब्रोमोफिनॉल ब्लू होतो, जो त्याच पीएचला निळा-जांभळा दिसतो. झाली टेस्ट.

१ मिलिलिटरचं माप असं: ५० मिलिमोलर मेस (MES) बफर, पीएच ६.५, ८३० मायक्रोलिटर; १ मिलिमोलर फिनॉल रेड ५०; १ मोलर पोटॅशियम ब्रोमाइड ५०; तुमचा अर्क २०; आणि सगळ्यात शेवटी २० मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड ५०. पेरॉक्साइड रोज ताजं करा. ३० टक्क्यांची बाटली साधारण ९.८ मोलर असते, म्हणजे त्यातले २० मायक्रोलिटर ९.८ मिलि पाण्यात टाकले की काम झालं. ग्लोव्ह्ज घाला, ३० टक्केवालं हातावर पडलं तर कातडी पांढरी पडते आणि चुरचुरतं. बाटली जुनी असेल तर २४० नॅनोमीटरला मोजून खात्री करा, मोलर शोषण गुणांक ४३.६ धरतात.

सोबत तीन नळ्या हव्यातच: एक ब्रोमाइडशिवाय, एक पेरॉक्साइडशिवाय, एक उकळलेल्या अर्काची. आता इथे एक गंमत आहे, हा एन्झाइम उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे दोन मिनिटं गरम करून "मेला" असं समजू नका, चांगली वीस मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा. उकळलेली नळीही निळी झाली तर लोक घाबरतात, बहुतेक वेळा ती नीट उकळलेलीच नसते.

कच्च्या अर्कात अजून एक भानगड असते ती कॅटालेजची. तो पेरॉक्साइड खाऊन टाकतो, नळीत बुडबुडे येतात आणि रंग येतच नाही. बुडबुडे दिसले तर अर्क दहापट पातळ करून परत बघा. आणि तुमच्या खडपावरच्या शेवाळात हा एन्झाइम आहे की नाही हे पुस्तकावरून ठरवू नका. पाच-सहा प्रकारांचे दोन-दोन ग्रॅमचे तुकडे खलात वाटून, त्या प्रत्येकावर ही टेस्ट लावून बघा आणि ज्याची नळी झटकन निळी होईल ते शेवाळ घेऊन पुढे जा.

मोजमाप नीट हवं असेल तर मोनोक्लोरोडायमेडोनची पद्धत आहे, २९० नॅनोमीटरला शोषण किती वेगाने उतरतं ते बघायचं, पण त्याला यूव्ही मशीन आणि क्वार्ट्झची क्युव्हेट लागते. रोजच्या कामाला फिनॉल रेड पुरे.

बफर: काय टाकायचं यापेक्षा काय टाकायचं नाही

ट्रिस घ्या, ५० मिलिमोलर, पीएच ८.३. फॉस्फेट बफर घेऊ नका. बहुतेक लॅबमध्ये फॉस्फेट तयार पडलेलं असतं, हात आपोआप तिकडे जातो, पण फॉस्फेट आणि व्हॅनेडेट (एन्झाइममध्ये व्हॅनेडियम ज्या रूपात असतं ते) दिसायला जुळे भाऊ, फॉस्फेट जाऊन व्हॅनेडियमच्या जागेवर बसतं आणि एन्झाइम रिकामा होतो. ईडीटीए पण नको, ते धातू ओढून घेतं. प्रोटीन काढायच्या सर्वसाधारण रेसिपींमध्ये ईडीटीए हमखास असतं, ते डोळे झाकून कॉपी करू नका.

ट्रिसची एक खोड म्हणजे तापमान बदललं की पीएच बदलतो, दर डिग्रीला साधारण ०.०२८. आपल्याकडे लॅबमध्ये ३० डिग्री असते, तिथे ८.३ लावून बाटली फ्रीजमध्ये ४ डिग्रीला ठेवली की तो जवळजवळ ९ होतो. थंडीत ८.३ हवा असेल तर ३० डिग्रीला ७.६ च्या आसपास लावा. किंवा सरळ बफर थंड करून मगच लावा, मीटरही त्याच तापमानाला कॅलिब्रेट करून.

वाटण आणि गाळण

५० ग्रॅम गोठलेलं शेवाळ, १५० मिलि थंडगार बफर, आणि ३ ग्रॅम पीव्हीपीपी. ही पावडर विरघळत नाही, ती फिनॉलं धरून ठेवते, नाहीतर ती फिनॉलं प्रोटीनला चिकटतात आणि अर्क चहासारखा काळपट होतो. कोरलाइन शेवाळात फिनॉलांचा त्रास कमी, सरगॅसममध्ये विचारू नका. मिक्सर वीस सेकंद फिरवायचा, मिनिटभर बर्फात ठेवायचा, असं सहा-सात वेळा. मिक्सर घरचा घेऊ नका, एक तर नंतर चटणीला वास येतो आणि दुसरं म्हणजे कोरलाइनमधल्या चुन्याने पाती बोथट होतात, माझ्या घरी यावरून झालेलं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही.

मग तासभर बर्फात ढवळत ठेवा, दुहेरी मलमलमधून पिळा, आणि १०,००० जी ला (गुरुत्वाच्या दहा हजार पट जोराने) वीस मिनिटं सेंट्रिफ्यूज. वरचं पाणी म्हणजे तुमचा कच्चा अर्क. किती मिलि आहे ते लिहा, १ मिलि बाजूला काढून "कच्चा" असं लेबल लावून ठेवा, लगेच टेस्ट करा. कोरलाइनला अ‍ॅसिड लावून चुना काढायचा मोह होतो, नको, फेस येतो, पीएच पडतो आणि कॅल्शियम सगळीकडे पसरतं.

सरगॅसमवाल्यांसाठी वेगळं. त्यात अल्जिनेट असतं, अर्क शेंबडासारखा तार धरतो, आणि असा अर्क कॉलमवर घातला तर कॉलम तिथेच संपला. थोडं थोडं कॅल्शियम क्लोराइड घालून ढवळलं की अल्जिनेटच्या गुठळ्या होतात, त्या सेंट्रिफ्यूज करून काढायच्या. पण मग पुढच्या पायरीत अमोनियम सल्फेट घातलं की उरलेलं कॅल्शियम सल्फेटशी जुळून पांढरी भुकटी खाली बसते, म्हणजे चक्क जिप्सम. मी ती प्रोटीन समजून तीन दिवस जपून ठेवली होती. प्रोटीनचा गाळ साधारण मळकट आणि बफरमध्ये पटकन विरघळणारा असतो, जिप्सम खरखरीत आणि ढिम्म, हा फरक लक्षात ठेवा.

अमोनियम सल्फेट

हे मीठ अर्कात वाढवत नेलं की प्रोटीनं टप्प्याटप्प्याने गाळ होऊन खाली बसतात. खताच्या दुकानातलं नको, आंब्याला चालतं ते प्रोटीनला चालत नाही. २० डिग्रीला मोजण्याचं सूत्र असं: एका लिटरला लागणारे ग्रॅम = ५३३ गुणिले (हवी ती संपृक्ततेची टक्केवारी वजा आत्ताची), भागिले (१०० वजा ०.३ गुणिले हवी ती). शून्यावरून ३० टक्क्यांवर जायला १०० मिलिला १७.६ ग्रॅम. हा गाळ फेकायचा, पण टेस्ट करूनच. मग ३० वरून ७० वर जायला दर १०० मिलिला २७ ग्रॅम. या वेळी गाळात तुमचा एन्झाइम असतो आणि लाल शेवाळातले (कोरलाइनही लालच) बरेचसे पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, वरच्या पाण्यात राहतात, म्हणूनच ही पायरी वगळू नका. मीठ चिमूट चिमूट घाला, अर्धा तास लावा, फेस येऊ देऊ नका, फेस म्हणजे प्रोटीन उलगडून फुकट. पीएचवर लक्ष ठेवा, मिठाने तो खाली येतो.

गाळ १० मिलि बफरमध्ये विरघळवून डायलिसिसच्या नळीत भरा, म्हणजे मीठ बाहेर जातं आणि प्रोटीन आत राहतं; १२-१४ किलोडाल्टनची नळी चालते. नळी एक तृतीयांश रिकामी ठेवून बांधा. आत मीठ जास्त, बाहेर कमी, पाणी आत घुसतं आणि गच्च भरलेली नळी रात्री फुटते, सकाळी बीकरमध्ये सगळं सपाट. २० मिलिमोलर ट्रिसच्या एकेक लिटरमध्ये तीन वेळा बदला. मीठ गेलं की नाही हे बघायला बाहेरच्या बफरचे चार थेंब घेऊन त्यात बेरियम क्लोराइडचा थेंब टाका, पांढरं झालं तर सल्फेट अजून आहे. बेरियम विषारी आहे, सिंकमध्ये ओतू नका.

आता कॉलम

पहिल्यांदाच करत असाल तर एक रंगीत तालीम करा. ग्रॅसिलारियासारख्या लाल शेवाळातलं फायकोएरिथ्रिन गुलाबी असतं, ते आयन एक्स्चेंजच्या (विद्युतभारावरून प्रोटीन धरणाऱ्या) रेझिनला चिकटतं आणि मिठाने सुटतं, आणि हे सगळं काचेतून दिसतं. गुलाबी पट्टा सरळ आडवा उतरला तर कॉलम नीट भरलाय, तिरका किंवा जिभेसारखा लोंबला तर परत भरा. एन्झाइम बिनरंगी असतो, त्याच्यावर असं शिकता येत नाही.

महागडं मशीन नसेल तर २० मिलिची इंजेक्शनची सिरिंज घ्या, बुडाला ग्लास वूलचा पातळ थर, खाली नळी आणि चिमटा. त्यात डीईएई सेल्युलोज किंवा डीईएई सेफारोज, म्हणजे धन भाराचं रेझिन, १० मिलि बसेल एवढं, पेजेसारखं पातळ करून काचेच्या काडीवरून एका दमात ओतायचं. टप्प्याटप्प्याने ओतलं की थर पडतात. वरचं पाणी रेझिनच्या खाली कधीच जाऊ देऊ नका, कॉलम कोरडा पडला की भेगा आणि भेगांतून सगळं न अडकता निघून जातं.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे फ्रीजमधलं बफर काढून उकाड्याच्या खोलीत लावलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि कॉलमच्या मध्यावर बुडबुडे दिसायला लागतात. एकतर सगळं थंड खोलीत करा, नाहीतर बफर आधी खोलीच्या तापमानाला आणून, व्हॅक्यूमने हवा काढून मगच लावा. हा एन्झाइम दणकट आहे, दोन-तीन तास खोलीच्या तापमानाला मरत नाही, त्यामुळे मी तरी दुसरी पद्धत वापरतो. लाईट जायची भीती असते म्हणून पंपापेक्षा उंचावरून बाटली सोडणं बरं वाटतं, वीज गेली तरी गुरुत्वाकर्षण जात नाही.

आधी २० मिलिमोलर ट्रिसने कॉलम धुवा, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या बफरचा पीएच सारखा होईपर्यंत. मग डायलाइझ केलेला अर्क मिनिटाला अर्धा ते एक मिलि या वेगाने सोडा. या पीएचला एन्झाइमवर ऋण भार असतो, म्हणून तो धन भाराच्या डीईएईला धरून बसतो. खालून जे येईल ते सगळं जमा करा, काहीही ओतून टाकू नका, एन्झाइम चिकटलाच नसेल तर तो तिथेच सापडेल. ५० मिलि साध्या बफरने धुऊन घ्या, मग मिठाच्या पायऱ्या: ट्रिसमध्ये सोडियम क्लोराइड ०.१, ०.२, ०.३, ०.५ आणि शेवटी १ मोलर, प्रत्येकी ३० मिलि, आणि २-२ मिलिच्या नळ्या.

मग पांढरी खळग्यांची चिनी मातीची पट्टी घ्या, प्रत्येक खळग्यात टेस्टचं मिश्रण, प्रत्येकात एकेका नळीतले दहा मायक्रोलिटर, वरून पेरॉक्साइड. पिवळा, पिवळा, पिवळा, मग एक जरा हिरवट, पुढचा मळका जांभळा, त्याच्या पुढचे तीन गडद निळे, मग परत उतरत उतरत पिवळा. ही ओळ समोर घडताना बघण्यासारखा आनंद या कामात दुसरा नाही, आमचा लॅबचा शिपाईसुद्धा झाडू बाजूला ठेवून बघायला येतो. निळ्या नळ्या एकत्र करा, कडेच्या हिरवट नळ्या मोहात पडून घालू नका, त्यात कचरा जास्त आणि माल कमी. शेवटच्या जास्त मिठाच्या नळ्या बुळबुळीत लागल्या तर ते सल्फेट असलेले पॉलिसॅकराइड, तेही ऋण भाराचे म्हणून चिकटलेले असतात.

अजून शुद्ध हवं असेल तर जेल फिल्ट्रेशन, म्हणजे आकाराप्रमाणे वेगळं करणं. इथे शेवाळाप्रमाणे रेझिन बदलतं. कोरॅलिना या कोरलाइन शेवाळाचा एन्झाइम बारा तुकड्यांचा जुडगा असतो, सातशे किलोडाल्टनच्या वर, त्याला सेफाक्रिल एस-३०० किंवा सेफारोज ६बी लागतं, छोट्या छिद्रांच्या रेझिनमध्ये तो पहिल्याच पाण्याबरोबर बाहेर येईल आणि काही वेगळं होणार नाही. नमुना कॉलमच्या घनफळाच्या एक-दोन टक्केच घाला. १०० मिलिच्या कॉलमवर १० मिलि ओतून "वेगळं होत नाही" म्हणणारे मी पाहिलेत.

हिशोब

प्रत्येक टप्प्याला तीन आकडे: मिलि, प्रोटीन, अ‍ॅक्टिव्हिटी. प्रोटीन मोजायचं ब्रॅडफर्ड या रंगाच्या पद्धतीने, ५९५ नॅनोमीटरला. समजा कच्च्या अर्कात १२० मिलिग्रॅम प्रोटीन आणि ६० युनिट (एन्झाइमच्या कामाचं माप), म्हणजे मिलिग्रॅमला ०.५. डीईएईनंतर ३ मिलिग्रॅम आणि ३० युनिट, म्हणजे मिलिग्रॅमला १०. शुद्धता २० पट, हाती लागलं ५० टक्के. कधी कधी हाती लागलेलं १०० टक्क्यांच्या वर जातं, चूक झाली असं समजून वही फाडू नका, कच्च्या अर्कात कॅटालेजने पेरॉक्साइड खाल्ल्यामुळे आकडा मुळातच कमी आलेला असतो.

शुद्ध केलेला एन्झाइम लंगडा वाटला तर त्याचं व्हॅनेडियम वाटेत सांडलेलं असू शकतं. सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट पीएच १० ला लावून, पिवळा रंग जाऊन पाण्यासारखं होईपर्यंत उकळा, थंड करा, पीएच परत लावा, अजून पिवळं झालं तर परत उकळा. मग एन्झाइममध्ये १ मिलिमोलर होईल एवढं घालून रात्रभर ४ डिग्रीला ठेवा आणि सकाळी टेस्ट करा, बरेचदा रंग दुप्पट वेगाने येतो. व्हॅनेडेट विषारी आहे, तोंडाने पिपेट ओढायची जुनी सवय असलेल्यांनी तर लांबच राहा.

ठेवायचं असेल तर ट्रिसमध्येच, निम्मं ग्लिसरॉल घालून, छोट्या छोट्या नळ्यांत उणे २० ला. आणि लेबल मार्करने लिहू नका, आपल्या दमट हवेत फ्रीजमधून काढल्या काढल्या नळीला घाम येतो, शाई पुसली जाते आणि बारा सारख्या दिसणाऱ्या नळ्या हातात राहतात. कागदाच्या चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहा, वर पारदर्शक टेप.